क्लच कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल गळतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शंभर ते दीडशे सीसीच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांबद्दल हे प्रश्न सतत येतात. उदाहरणासाठी स्प्लेंडर समोर ठेवली आहे, कारण १९९४ पासून ही गाडी आपल्याकडे गावोगाव आहे आणि तिचं ९७.२ सीसीचं इंजिन बहुतेक मेस्त्रींच्या हाताखालून गेलेलं आहे. उजव्या बाजूचं, किक असलेलं जे मोठं कव्हर असतं त्याला क्लच कव्हर म्हणतात. कव्हर आणि इंजिनच्या मधला कागदी थर म्हणजे पॅकिंग. शाइन, पॅशन, पल्सर, अपाचे यांचे बोल्ट आणि जागा वेगळ्या असल्या तरी कामाची पद्धत हीच.

इंजिन उजव्या बाजूने तेलकट झालंय. पॅकिंगच गेलंय हे कसं ओळखायचं?

आधी इंजिन धुवा. हे सांगितलं की लोकांना वेळकाढूपणा वाटतो, पण निम्म्या चुका इथेच होतात. ऑइल वरून गळतं आणि खाली दिसतं. गाडी चालताना वाऱ्याने ते मागे सरकतं, त्यावर धूळ बसते आणि आठवड्याभरात सगळी बाजू काळी होते. अशा इंजिनाकडे बघून गळती कुठून आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर डिझेल किंवा रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने कव्हरची कड, बोल्टांच्या खाचा, सिलिंडरच्या पात्यांमधली जागा घासून काढा. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं पुसा. गरम इंजिनवर पेट्रोल वापरू नका, आग लागू शकते. कोरडं झाल्यावर कव्हरच्या सांध्यावर आणि त्याच्या वर, हेडपर्यंत, साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा. जिथे पावडर ओली होऊन पिवळट-काळी पडली, त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा. गळती तिथे आहे. खालचे ओघळ विसरा.

बघायच्या जागा अशा. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरच्या छोट्या झाकणांच्या, ओ-रिंगा (गोल रबरी रिंगा) कडक झाल्या की तिथून आलेलं ऑइल पात्यांवरून उतरून बरोबर क्लच कव्हरवर येतं. हेड आणि सिलिंडरचा सांधा. ऑइल भरायच्या टोपणाची रिंग, जी हमखास विसरली जाते. किक शाफ्टचं ऑइल सील, क्लचची केबल जिथे लागते त्या दांडीचं सील आणि खालचा ड्रेन बोल्ट. या सगळ्या जागा कोरड्या असतील आणि कव्हरच्या सांध्याच्या रेषेवरच ओल असेल, तर पॅकिंगचं काम आहे.

थेंब पडत नाही, नुसता ओलसरपणा आहे. लगेच खोलायला हवं का?

नाही. सांध्याला घाम आल्यासारखी ओल असेल आणि ऑइलची पातळी महिनाभरात जाणवण्याइतकी उतरत नसेल, तर पुढच्या ऑइल बदलाबरोबर काम करा. ऑइलचे पैसे वाचतात. तोवर दर आठवड्याला पातळी बघा.

मात्र रात्री उभ्या केलेल्या गाडीखाली सकाळी डाग दिसत असेल, सायलेन्सरवर पडून धूर आणि जळका वास येत असेल, किंवा ऑइल मागच्या टायरपर्यंत उडत असेल, तर थांबू नका. या इंजिनांत एकूण ऑइलच लिटरभराच्या आसपास असतं. त्यातलं पाव लिटर गेलं तरी मोठा हिस्सा गेला. आणि टायरवरचं ऑइल घाटातल्या वळणावर काय करतं हे सांगायला नको.

बोल्ट आवळून बघितले तर?

एकदा जरूर बघा, पण आवळा म्हणजे तपासा. बोल्ट सहा एमएमचे असतात, डोक्याला आठचा टी-पाना लागतो. इंजिन गार असताना एकेक बोल्ट हलक्या हाताने फिरवून बघा. एखादा खरोखरच ढिला सापडला, तर तो बाकीच्यांइतका घट्ट करा, परत धुऊन पावडर लावा आणि बघा. कधीकधी काम तेवढ्यावर भागतं.

सगळे बोल्ट घट्ट असताना गळती होत असेल, तर अजून आवळून काहीही मिळत नाही. पॅकिंगचा कागद वर्षानुवर्षं उष्णता खाऊन कडक झालेला असतो, त्याची दबण्याची ताकद संपलेली असते. वरून जोर दिला की बोल्टच्या आसपासचा भाग दबतो आणि दोन बोल्टांच्या मधली कव्हरची कड उलट किंचित उचलली जाते. म्हणजे गळती वाढते. त्यात बोल्ट लोखंडी आणि इंजिनचे आटे ॲल्युमिनियमचे. एक फेरा जास्त झाला की आटे हातात येतात. पन्नास-शंभर रुपयांच्या पॅकिंगचं काम मग लेथवाल्याकडे जातं.

पॅकिंग जातं कशामुळे? कंपनीतून आलेलं दहा वर्षं टिकलं, नंतरचं दोन वर्षांत गेलं.

कंपनीतलं पॅकिंग वयाने जातं. नंतरचं बहुतेक वेळा बसवण्याच्या पद्धतीमुळे. क्लच प्लेटा बदलायला कव्हर उघडलं, जुनं पॅकिंग अर्धं निघालं, अर्धं चिकटलेलं राहिलं, त्यावरच नवं बसवलं, वरून गोंद फासला. असं इंजिन गळणारच.

दुसरं कारण आतला दाब. पिस्टन खाली येताना इंजिनच्या पोटातली हवा दाबली जाते. ती बाहेर पडायला ब्रीदर पाइप दिलेला असतो, बऱ्याच गाड्यांत तो एअर फिल्टरच्या डब्याकडे जातो. हा पाइप चिखलाने बुजला, दुमडला किंवा टाकी बसवताना चेपला, की हवा वाट शोधते आणि सगळ्यात कमजोर सांध्यातून ऑइल घेऊन बाहेर येते. पाइप काढून फुंकून बघा. मिनिटाचं काम आहे.

ऑइल जास्त भरणं हेही तसंच. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून वरच्या खुणेच्या पुढे भरलं की दाब वाढतो. आणि पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर जळलेला वायू खाली उतरून आत दाब करतो. अशा गाडीचा सायलेन्सर निळसर धूर देतो, ऑइल कमी होत राहतं. तिथे कितीही पॅकिंगं बदला, दुखणं दुसरीकडेच आहे.

उरलेलं कारण धक्क्याचं. गाडी उजव्या अंगावर पडली की ब्रेकचं पायडल किंवा फूटरेस्ट वाकून कव्हरवर आदळतं. पडलेल्या गाडीचं कव्हर नीट उजेडात बघा, केसाएवढी चीरही ऑइल सोडते.

हे काम घरी जमेल का? काय काय लागतं?

ऑइल स्वतः बदलता येत असेल आणि दुपार मोकळी असेल तर जमेल. आठचा आणि दहाचा टी, दहा-बारा-चौदाचे पाने, ड्रेन बोल्टच्या मापाचा पाना, प्लास्टिकचा किंवा लाकडी हातोडा, प्लास्टिकची पट्टी, चांगलं धार असलेलं ब्लेड, थिनर, भरपूर सुती चिंध्या, पसरट ट्रे. जुन्या गाड्यांत बोल्टऐवजी चौफुलीचे स्क्रू असतात. ते साध्या स्क्रू ड्रायव्हरने फिरत नाहीत, डोकं सपाट होतं. त्यासाठी हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर एवढे स्क्रू गॅरेजमधून सैल करून आणा.

सामानात नवं पॅकिंग, किक शाफ्टचं सील, ड्रेन बोल्टचा वॉशर आणि ऑइल आधी आणून ठेवा. इंजिन उघडं टाकून दुकानात जाण्याची वेळ येऊ नये. दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा. शक्य असेल तर कव्हर उघडायच्या आधी पॅकिंग कव्हरच्या बाहेरून धरून आकार जुळतोय का बघा. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार बोल्टांच्या जागा बदललेल्या असतात.

ऑइल काढावंच लागतं का? काही मेस्त्री गाडी आडवी करून काम करतात.

गाडी डाव्या अंगाला बरीच कलती करून भिंतीला टेकवली तर ऑइल डावीकडे जातं आणि उजवं कव्हर उघडता येतं, हे खरं आहे. पण टाकीतून आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतं, जुन्या बॅटरीतलं ॲसिड सांडू शकतं आणि कलती गाडी धरायला माणूस लागतो. शिवाय सांधा साफ करताना आत कचरा पडला तर तो त्याच ऑइलमध्ये राहतो. ऑइल नवंकोरं असेल तर ते स्वच्छ भांड्यात काढून झाकून ठेवा, परत वापरता येतं. मी तरी ऑइल काढूनच काम करायला सांगेन.

कव्हर काढण्याचा क्रम काय?

गाडी सपाट जमिनीवर मेन स्टँडला लावा. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, मग पूर्ण गार होऊ द्या. किकचा दांडा काढा. त्याआधी तो शाफ्टवर कोणत्या दातावर बसलाय त्याची खूण करा, नाहीतर नंतर किक फूटरेस्टला लागते. मॉडेलप्रमाणे फूटरेस्टची पट्टी, ब्रेक पायडल, कुठे सायलेन्सरही सोडावा लागतो. क्लचची केबल हँडलपाशी ढिली करून कव्हरवरच्या दांडीतून काढा.

आता बोल्टांच्या खाचांतला चिखल काढा. पावसाळ्यानंतर या खाचा मातीने भरलेल्या असतात, आणि बोल्ट काढला की ती माती सरळ आट्यांत पडते. कोकणात, समुद्राजवळच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने ॲल्युमिनियममध्ये धरून बसतात. तिथे आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. बोल्ट अडला तर एकदम जोर न देता थोडा पुढे, थोडा मागे असा खेळवत काढा.

बोल्टांची लांबी सारखी नसते. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच भोकात खोचा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तळाला टेकून केसिंग फोडतो, आणि कव्हर घट्ट झाल्याचा नुसता भास देतो. आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि आवळताना तेच आटे घेऊन येतो. पुठ्ठ्याचं हे काम पाच मिनिटांचं, ते टाळू नका.

बोल्ट काढले तरी कव्हर हलत नाही. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू का?

अजिबात नाही. या सांध्यावर स्क्रू ड्रायव्हरने पडलेला ओरखडा म्हणजे कायमची गळती. एखादा बोल्ट राहिला नाही ना हे पुन्हा मोजा, एखादा फूटरेस्टमागे लपलेला असतो. मग कव्हरच्या जाड, मजबूत भागावर प्लास्टिकच्या हातोड्याने सगळीकडून ठोका. बऱ्याच कव्हरांना उचलण्यासाठी एखादं जाड बोंड बाहेर आलेलं असतं, तिथे ठोकलं की जुनं पॅकिंग सुटतं. कव्हर दोन पोकळ पिनांवर बसलेलं असतं, त्या गंजल्या असतील तर ते वाकडं न होता सरळच बाहेर आलं पाहिजे.

कव्हर सुटताना डाव्या हाताने किक शाफ्ट आत दाबून धरा. ती कव्हराबरोबर बाहेर आली तर तिची स्प्रिंग सुटते आणि परत ताण देऊन बसवावी लागते. आणखी एक गोष्ट, शाफ्टवरचे पातळ वॉशर ऑइलमुळे कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटून येतात आणि नकळत ट्रेमध्ये पडतात. कव्हर खाली ठेवण्याआधी उलटं करून बघा, आणि बोट फिरवून बघा. उघडताना मोबाइलवर दोन-चार फोटो काढून ठेवा.

जुनं पॅकिंग दगडासारखं चिकटलंय. कसं काढायचं?

या कामाचा जीव इथेच आहे. नवं पॅकिंग कितीही चांगलं असो, ते खालच्या जागेइतकंच चांगलं बसतं.

आधी इंजिनच्या उघड्या पोटात स्वच्छ चिंध्या कोंबा. क्लच, गिअर आणि खालचा भाग पूर्ण झाकला गेला पाहिजे. मग चिकटलेल्या पॅकिंगवर थिनरने भिजवलेल्या चिंधीची पट्टी ठेवा आणि थोडा वेळ जाऊ द्या. कागद मऊ पडला की प्लास्टिकच्या पट्टीने जेवढं निघेल तेवढं काढा. उरलेल्यासाठी ब्लेड वापरा, पण जवळजवळ आडवं धरून. ब्लेड उभं धरलं की ते ॲल्युमिनियममध्ये रुततं. बोल्टांच्या भोकांभोवती कागद सगळ्यात घट्ट दबलेला असतो, तिथे पातळ तपकिरी थर राहतो आणि तो धातूसारखाच दिसतो. उजेड बाजूने पाडून बघा, आणि नखाने खरवडून बघा. नख अडलं तर थर अजून आहे.

ग्राइंडरला लावलेली घासायची चकती या सांध्यावर लावू नका. काम दोन मिनिटांत होतं हे खरं, पण दोन गोष्टी बिघडतात. चकती जिथे जास्त टेकते तिथे खड्डा पडतो, आणि तिच्यातले कठीण कण ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जातात. मऊ सांध्यावर मी कानसही फिरवू देत नाही.

कव्हर सपाट आहे का हे बघायला जाड काच घ्या. काचेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पसरा, कव्हर त्यावर उपडं ठेवून हलक्या हाताने इंग्रजी आठसारखं फिरवा आणि उचला. सांध्याला सगळीकडे सारखी चमक आली तर कव्हर सपाट आहे. एखादा भाग काळाच राहिला तर तिथे खोलगट आहे. थोडं असेल तर असंच फिरवून निघतं. पिना आधी काढून ठेवा, आणि झाल्यावर कव्हर आतून-बाहेरून धुऊन पेपरची पूड पूर्ण घालवा. ऑइलच्या बारीक वाटा असतील तर त्यात हवा मारा.

शेवटी सांधा थिनरने ओलसर केलेल्या चिंधीने पुसा. चिंधीवर काळं यायचं थांबेपर्यंत.

उघडलंच आहे तर स्प्लेंडरसारख्या इंजिनांत खाली ऑइलची जाळी असते, ती ओढून धुऊन घ्या. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, टोकाला फिरणारा ऑइल फिल्टर असतो, त्याच्या कडेला चिखलासारखा थर बसतो. तोही साफ करण्याची हीच वेळ.

पॅकिंग कंपनीचंच घ्यावं का? शीट आणून घरी कापलं तर?

कंपनीचं किंवा नावाजलेल्या बनावटीचं घ्या. फरकाची रक्कम फार नसते, आणि दुसऱ्यांदा उघडण्याचं ऑइल त्याहून महाग पडतं. पॅकिंग सपाट, न मुडपलेलं हवं. दुकानात खिळ्याला टांगून त्याला घडी पडलेली असेल तर दुसरं मागा.

घरी कापलेलं पॅकिंग अडचणीच्या वेळी लोक वापरतात, जुन्या गाड्यांना तर कधी पर्यायच नसतो. तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. पहिली जाडी. ही पॅकिंगं साधारण अर्ध्या मिलिमीटरची असतात. जाड शीट लावलं तर कव्हर तेवढं बाहेर सरकतं आणि आतल्या शाफ्टचा व क्लचच्या दांडीचा खेळ बदलतो. दुसरी गोष्ट फार गंभीर आहे. बऱ्याच इंजिनांत क्रँकला जाणारं ऑइल कव्हरमधल्या वाटेतून जातं, आणि त्या वाटेसाठी पॅकिंगमध्ये छोटं भोक असतं. कापताना ते भोक पाडायचं राहून गेलं तर गाडी सुरू होईल, चालेल, आणि क्रँक कोरडा पडून इंजिन जाम होईल. जुनं पॅकिंग किंवा कव्हर वर ठेवून प्रत्येक भोक ताडून बघा. आकार घेण्यासाठी शीट इंजिनवर धरून हातोडीने कडेला ठोकण्याची पद्धत आहे, ती ॲल्युमिनियमच्या कडा मारते. पेन्सिलीने आकार काढा आणि कात्रीने कापा.

गोंद, सिलिकॉन, शेलॅक, अनाबाँड यातलं काय लावायचं?

सांधा स्वच्छ आणि पॅकिंग नवं असेल तर काहीच नाही. कागदी पॅकिंग कोरडंच बसायला बनवलेलं असतं. पुढच्या वेळी सहज निघावं म्हणून काही जण कव्हरच्या बाजूला ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवतात, ते चालतं.

सिलिकॉनचा मुद्दा नीट समजून घ्या. कव्हर आवळलं की बाहेर जेवढी सिलिकॉनची लड येते, तेवढीच आतही येते. बाहेरची दिसते म्हणून आपण पुसतो. आतली सुटून ऑइलमध्ये फिरते, जाळीवर अडकते, किंवा बारीक वाटेत बसते. ऑइल गळण्यापेक्षा ऑइल न पोहोचणं कितीतरी वाईट. त्यात सिलिकॉन निसरडं असल्याने आवळताना कागदी पॅकिंग आतल्या बाजूला घसरून फाटतं.

सांध्यावर जुना ओरखडा आहे आणि तो निघणार नाही, एवढ्याच जागी चांगल्या प्रतीचा, ऑइल सहन करणारा सीलंट बोटाने पुसल्यासारखा लावा. जिथे इंजिनची दोन अर्धुकं मिळतात तिथे वर-खाली बारीक रेघ असते, त्या दोन ठिपक्यांवर लावायला काही मॅन्युअलमध्ये सांगितलेलंही असतं. आणि सीलंट लावला असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या. बहुतेक सिलिकॉन पूर्ण वाळायला २४ तास घेतात.

कव्हर बसवताना काय बघायचं आणि किती आवळायचं?

चिंध्या बाहेर काढल्या का हे आधी मोजा. मग दोन्ही पिना जागी घाला, पॅकिंग पिनांवर अडकवा, म्हणजे ते घसरत नाही. किक शाफ्टच्या दातांवर सेलोटेप किंवा पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर ऑइल लावा, नाहीतर ते दात नव्या सीलची ओठाळी कापतात. क्लचची दांडी योग्य बाजूला फिरवून धरा आणि कव्हर सरळ आत ढकला. ते हाताच्या जोराने पूर्ण बसलं पाहिजे. दोन-तीन मिलिमीटर फट राहत असेल तर आत काहीतरी अडतंय. बोल्टने ओढून बसवू नका, कव्हर तडकतं. काढा आणि परत बघा.

सगळे बोल्ट आधी बोटांनी फिरवा. बोल्ट योग्य जागी असतील तर सगळ्यांची डोकी कव्हरपासून साधारण सारखीच उंच राहतात. एखादं जास्त वर दिसलं तर तो बोल्ट चुकीच्या भोकात आहे. मग समोरासमोर, तिरप्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. पहिल्या फेरीत नुसते टेकवा, दुसरीत अर्धे, तिसरीत पूर्ण. एकाच बाजूने गोल फिरत गेलं तर पॅकिंग एका बाजूला दबतं आणि दुसरीकडे सुरकुतते.

सहा एमएमच्या या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असेल. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा घ्या: १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलोचा जोर. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. टी-पान्याला लांब पाइप लावून आवळण्याचा इथे काहीच संबंध नाही. इंजिन एकदा गरम होऊन पूर्ण गार झाल्यावर बोल्ट त्याच जोराने एकदा तपासा. नंतर हात लावू नका.

आवळताना बोल्ट नुसताच फिरतोय. आटे गेले.

त्या बोल्टवर गोंद लावून किंवा दोरा गुंडाळून बसवू नका, चार दिवसांत तिथूनच गळेल. भोकाच्या तळाला न वापरलेले आटे शिल्लक असतील तर किंचित लांब बोल्ट चालतो, पण आधी भोकाची खोली काडीने मोजा. नाहीतर इन्सर्ट हाच खरा उपाय. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवतात, म्हणजे मूळ मापाचाच बोल्ट परत लागतो. नीट बसवलेले हे आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत असतात. लेथवाले हे काम करून देतात. ड्रिलचा किस आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस लावायला आणि तोंड झाकायला त्यांना स्पष्ट सांगा.

ऑइल कोणतं आणि किती भरायचं?

या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलमध्ये असतात, म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच घ्या. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून भरलं तर क्लच घसरू शकतो. स्प्लेंडरसाठी १०डब्ल्यू-३०, इतरांसाठी मॅन्युअलप्रमाणे. मॅन्युअलमध्ये दोन मापं असतात, नुसतं ऑइल बदलताना वेगळं आणि इंजिन उघडल्यावर थोडं जास्त. कव्हर उघडल्यावर आधी कमी माप भरा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून थोडं थांबा आणि पातळी बघून उरलेलं घाला. स्प्लेंडरची काडी पुसून नुसती टेकवायची असते, फिरवून आत घालायची नाही. काडीऐवजी पातळी बघायची काच असलेल्या इंजिनांत गाडी सरळ उभी हवी.

नवं पॅकिंग बसवल्यावर क्लच जड झाला किंवा किक परत येत नाही.

क्लच जड झाला असेल तर आतली दांडी चुकीच्या कोनात बसली आहे, किंवा केबलचा खेळ ठेवलेला नाही. हँडलवरच्या लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ हवा. किक परत येत नसेल तर स्प्रिंग सुटली आहे किंवा वॉशर राहिलाय, कव्हर परत काढावं लागेल. नवं पॅकिंग कोरडं बसवलेलं असेल आणि इंजिन तापलेलं नसेल तर बहुधा तेच परत वापरता येतं. फाटलं किंवा चिकटलं असेल तर नवं घ्या.

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरमधून ऑइल येतंय, तिथेही हेच?

आधी ती बाजू कोरडी की ओली हे माहीत करून घ्या. जुन्या शंभर सीसीच्या अनेक गाड्यांत मॅग्नेट, म्हणजे वीज तयार करणारं फिरतं चुंबकी चाक, कोरडा असतो. तिथे ऑइल दिसलं तर क्रँकचं सील किंवा मॅग्नेट प्लेटची ओ-रिंग गेली आहे, कव्हरचं पॅकिंग बदलून उपयोग नाही. मॅग्नेट ऑइलमध्ये फिरणाऱ्या गाड्यांत वरची सगळी पद्धत लागू पडते. फक्त तिथे चुंबक कव्हर आत खेचतो, बोटं सांभाळा. वायर बाहेर येते ती रबरी बूच कडक झाली असेल तर तिच्याभोवती सीलंट लावणं योग्यच आहे. पुढच्या चेन स्प्रॉकेटजवळची ओल मात्र स्प्रॉकेटमागच्या सीलची असते, किंवा नुसतं चेनवरचं ऑइल उडालेलं असतं.

जुन्या बुलेटचं काय?

तिचं गणित वेगळं. जुन्या बुलेटमध्ये डाव्या बाजूच्या प्रायमरीचं (क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं) मोठं कव्हर मधल्या एकाच नटावर आणि रबरी रिंगवर बसतं, आणि तिथलं ऑइल इंजिनच्या ऑइलपासून वेगळं असतं. रबर नवं घ्या, खोबणीत नीट बसवा, आणि गळती थांबत नाही म्हणून तो एक नट पिळत बसू नका. कव्हर मध्ये दबतं आणि कडा उचलल्या जातात.

कव्हरला चीर आहे. एम-सील लावलं तर?

घरापर्यंत पोहोचायला चालेल. ऑइल मुरलेल्या ॲल्युमिनियमवर ते टिकत नाही, उष्णतेने सुटतं. चीर सांध्यापासून दूर असेल तर आर्गन वेल्डिंग करून घ्या. सांध्यावर किंवा बोल्टच्या भोकावर असेल तर वेल्डिंगच्या तापाने कव्हर वाकतं, तेव्हा दुसरं कव्हर शोधणंच बरं. जुन्या सामानाच्या बाजारात चांगलं कव्हर मिळतं. घेताना काचेवर ठेवून सपाट आहे का बघून घ्या.

काढलेलं जुनं ऑइल कुठे टाकायचं?

गटारात, शेताच्या बांधावर किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडायला नको. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला द्या, त्यांच्याकडून ते पुढे शुद्धीकरणाला जातं. पाणी, थिनर किंवा डिझेल त्यात मिसळू नका. ऑइलने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग घरात साठवू नका, आणि काम झाल्यावर हात पेट्रोलने न धुता साबण आणि लाकडाच्या भुश्याने धुवा.